आपल्या तंबूंच्या मधोमध

आजचं वाचन : निर्गम ३३:१-१७, ३४:५-९, ४०:३४-३८



रफीदीम इथं प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा इस्राएल लोकांनी मोशेशी भांडण काढलं. त्या भांडणात त्यांच्या तोंडून एक प्रश्न निघाला आणि पवित्र शास्त्राने तो जसाच्या तसा नोंदवून ठेवला (निर्गम १७:७). परमेश्वर आपल्यामध्ये खरंच आहे का, असा तो प्रश्न होता.

बघा, देव अस्तित्वात आहे का असं ते विचारत नव्हते. समुद्र दुभागलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मान्ना रोज सकाळी पडत होता. शंका वेगळीच होती. तो आहे, पण इथे आहे का? आमच्या या छावणीत, माझ्या तहानलेल्या लेकरांच्या तंबूत आहे का?

आपल्या घरांतही हाच प्रश्न असतो, फक्त आपण तो मोठ्याने बोलत नाही. आईचा बायॉप्सी रिपोर्ट यायचा असतो. नोकरी गेलेली असते आणि ईएमआय ५ तारखेला कापला जाणार असतो. नवरा-बायको आठवडाभर कामापुरतंच बोलत असतात आणि रविवारी चर्चमध्ये शेजारी बसून गीत गातात. अशा वेळी ‘देव सर्वव्यापी आहे’ हे उत्तर बरोबर असूनही पुरत नाही. म्हणून आज मोशेबरोबर सीनाय पर्वतापाशी थोडं थांबूया. देव आपल्या लोकांमध्ये राहतो म्हणजे काय, हे इथं फार स्पष्ट दिसतं.

सगळं मिळेल, पण मी येणार नाही

३३ व्या अध्यायाच्या सुरुवातीला परमेश्वर मोशेला निघायला सांगतो. वचन दिलेला देश मिळेल, दूत पुढे जाईल, शत्रू हाकलले जातील, दुधामधाचे प्रवाह वाहणारा तो देश त्यांचाच होईल. आणि मग तो सांगतो की मी स्वतः मात्र तुमच्यामधून येणार नाही. तुम्ही ताठ मानेचे लोक आहात, मी बरोबर आलो तर वाटेतच तुमचा नाश होईल.

या प्रस्तावात काय कमी होतं, सांगा? देश आहे, सुरक्षितता आहे, यश आहे, वाट दाखवणारा दूतही आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑनसाइट पक्की, फ्लॅटचा ताबा हातात, मुलांचं अ‍ॅडमिशन झालेलं, सगळ्यांची तब्येत ठणठणीत. फक्त देव नाही.

आपल्यासमोर असं पत्र आलं तर आपण काय करू? खरं सांगायचं तर आपल्या बऱ्याच प्रार्थना याच यादीपुरत्या असतात. यादीतलं सगळं मिळालं तर देव आला की नाही, हे आपल्या लक्षात तरी येईल का?

इस्राएल लोकांच्या लक्षात आलं. ही बातमी ऐकून त्यांनी शोक केला आणि कोणी अंगावर दागिने घातले नाहीत. मोशे तर हटूनच बसला. तुझं सान्निध्य बरोबर येणार नसेल तर आम्हांला इथून हलवूसुद्धा नकोस, अशी त्याने विनंती केली. या ठिकाणी मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ ‘मुख’ असा आहे. आपण मराठीत म्हणतो ना, ‘त्याने तोंड फिरवलं’? नात्यात तोंड फिरवलेलं असताना घरात किराणा वेळेवर आला, तरी घर घर वाटत नाही. मोशेला देवाकडून मिळणाऱ्या वस्तू नको होत्या असं नाही. त्याला देवाचं मुख हवं होतं, कारण इतर राष्ट्रांपासून या लोकांचं वेगळेपण तेवढंच होतं.

आपल्या कुटुंबाचं वेगळेपण कशात आहे? आडनावात, भिंतीवरच्या वचनात की नाताळच्या फराळात? मोशेचं उत्तर एकच होतं. तू बरोबर आहेस, एवढंच.

वासरू हासुद्धा सान्निध्याचाच शोध होता

आता थोडं मागे जाऊया. ही वेळ का आली? ३२ व्या अध्यायातल्या सोन्याच्या वासरामुळे. लहानपणी संडे स्कूलमध्ये आपण शिकतो की लोकांनी देवाला सोडलं आणि मूर्ती केली. ते बरोबरच आहे. पण नीट वाचलं तर आणखी एक गोष्ट दिसते. मोशे पर्वतावर ४० दिवस होता. लोकांना वाट पाहणं जमेना. आपल्यापुढे चालणारं काहीतरी हवं, अशी त्यांची मागणी होती. अहरोनाने तर दुसऱ्या दिवशी परमेश्वराच्याच नावाने सण जाहीर केला! म्हणजे त्यांना देव जवळ हवा होता, पण आपल्या सोयीने हवा होता.

वासराची सोय काय? ते कधी गप्प होत नाही, कारण ते बोलतच नाही. ते निघून जात नाही. ते प्रश्न विचारत नाही. बायकोशी तू असं का बोललास, असं ते कधीच म्हणणार नाही.

आणि हे वासरू कशाचं झालं? बायका, मुलगे, मुली यांच्या कानांतल्या सोन्याच्या बाळ्यांचं. घराघरातून सोनं आलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच कारणासाठी नको, त्याच कारणासाठी ये

आता आजच्या वाचनाचा गाभा. ३३:३ मध्ये देवाने न येण्याचं कारण दिलं होतं की लोक ताठ मानेचे आहेत. ३४:९ मध्ये मोशे दंडवत घालून विनंती करतो की प्रभू, तू आमच्यामधून चाल. आणि त्या विनंतीत तो पुन्हा तेच शब्द उचलतो, हे लोक ताठ मानेचे आहेत! जे कारण देवाने दूर राहण्यासाठी दिलं होतं, तेच मोशे जवळ येण्याच्या विनंतीत मांडतो आणि पुढे क्षमा मागतो.

मध्ये काय बदललं? लोकांची मान नरम झाली का? तसं कुठे लिहिलेलं नाही. मधल्या वचनांत घडलं ते एवढंच की परमेश्वर मेघातून उतरला आणि त्याने स्वतःचं नाव मोशेपुढे जाहीर केलं. तो दयाळू आहे, कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, दयेने भरलेला आहे, आणि पापाकडे काणाडोळाही करत नाही. हे ऐकल्यावर मोशेला धीर आला. देवच असा असेल तर आमच्यासारख्या लोकांना त्याची गरज जास्तच आहे.

मित्रांनो, आपण हा क्रम नेहमी उलटा लावतो. आधी घर सुधारू, भांडणं थांबवू, नियमित कौटुंबिक प्रार्थना सुरू करू, मुलांना मोबाइलपासून सोडवू, मग देव आपल्या घरी राहायला येईल, असं आपल्याला वाटतं. निर्गमातला क्रम तसा नाही. देव येतो तो त्याच्या नावामुळे, त्याच्या दयेमुळे. घर सुधारतं ते तो आल्यामुळे. आणि तो येतो तो वासरू चालवून घ्यायला नाही, क्षमा करून पवित्र करायला येतो.

आराखडा बदलला नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून निर्गमची रचना मला फार बोलकी वाटते. २५ ते ३१ अध्यायांत निवासमंडपाचा आराखडा आहे. ३२ ते ३४ मध्ये वासरू, शिक्षा, मध्यस्थी आणि क्षमा. ३५ ते ४० मध्ये प्रत्यक्ष बांधकाम. वाचताना कंटाळा येतो, कारण तीच मापं, तेच पडदे, त्याच कड्या पुन्हा येतात. एकदा सांगितलं होतं की!

पण आमच्या क्षेत्रात एखादा मोठा गोंधळ झाल्यावर काय होतं, ते आठवा. बजेट कापलं जातं, स्कोप कमी होतो, अधिकार काढून घेतले जातात. इथे तसं काहीच झालं नाही. कराराचा कोश आधी अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच सांगितला होता, वासरानंतरही तेवढाच बनला. सोनं कमी करून पितळ लावलं नाही. म्हणजे ती कंटाळवाणी पुनरुक्ती ही खरं तर सुवार्ता आहे. क्षमा झाली म्हणजे खरोखर झाली.

आणि साहित्य कुठून आलं? पुन्हा घराघरातून. ३५:२२ मध्ये स्त्री-पुरुष दागिने घेऊन आले, त्यांत सोन्याच्या बाळ्याही होत्या. जे कान वासरासाठी रिकामे झाले होते, त्याच लोकांकडून हे सोनं आलं. स्त्रियांनी शेळ्यांच्या केसांचं सूत कातून आणलं. सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या पितळी आरशांचं गंगाळ झालं. लोकांनी इतकं आणलं की शेवटी मोशेला ‘आता पुरे’ असा हुकूम काढावा लागला.

चांदीचा हिशोब तर मला फार आवडतो. मोजलेल्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल घेतला होता. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. पुरुष होते ६,०३,५५०. म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, म्हणून एकूण १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. निर्गम ३८:२५-२७ मध्ये नेमका हाच आकडा आहे. त्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या, ज्यांवर निवासमंडपाच्या फळ्या आणि अंतरपटाचे खांब उभे राहिले. एका उथळीत ६,००० माणसांचा अर्धा-अर्धा शेकेल! देवाच्या घराच्या पायाला कुठल्या एका घराचं नाव देता येत नव्हतं. ‘आमच्या घराण्यात तर चार पिढ्यांपासून विश्वास’ म्हणणाऱ्याचाही अर्धाच शेकेल, आणि कालच आलेल्याचाही अर्धाच.

बाहेरून मधोमध

वासरानंतर मोशे एक तंबू छावणीच्या बाहेर, लांब उभारत असे (३३:७). ज्याला परमेश्वराला काही विचारायचं असेल त्याने तिथवर जायचं. पण मिसर सोडल्यानंतर दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी निवासमंडप उभा राहिला, आणि गणना २ मध्ये त्याची जागा दिसते. पूर्वेला यहूदा, इस्साखार, जबुलून. दक्षिणेला रऊबेन, शिमोन, गाद. पश्चिमेला एफ्राईम, मनश्शे, बन्यामीन. उत्तरेला दान, आशेर, नफताली. आणि मधोमध, लेवीयांनी वेढलेला, देवाचा तंबू. सगळे तंबूत राहत होते, तर देवही तंबूत राहिला.

लोकांनी आपापल्या पितृकुळांच्या निशाणांजवळ, दर्शनमंडपाकडे तोंड करून डेरे द्यायचे होते. म्हणजे रोज सकाळी तंबूचा पडदा बाजूला केला की समोर काय दिसणार? लहान मुलाला कोणी धर्मशिक्षण न देताही कळलं असेल की आपल्या वस्तीच्या मध्यभागी कोण आहे.

आणखी एक तपशील. कोशाच्या कड्यांत दांडे घातलेले असत आणि ते कधीच काढायचे नव्हते (२५:१५). मुक्कामातसुद्धा कोश निघायच्या तयारीत. मेघ वर गेला की निघायचं, थांबला की थांबायचं. कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याहून जास्त (गणना ९:२२). आपल्यापैकी कितीतरी जण ११ महिन्यांच्या करारावर राहतात. दर वर्षी खोकी, टेम्पो, नवीन डिपॉझिट. ‘एकदा स्वतःचं घर झालं की मग व्यवस्थित सुरुवात करू’ असं वाटतं ना? पण आपला देव भाड्याच्या घरात पाहुण्यासारखा येत नाही. दांडे लावूनच तो आपल्याबरोबर राहतो.

पण तो ताईत नाही

इथे एक इशारा द्यायलाच हवा. १ शमुवेल ४ मध्ये पलिष्ट्यांकडून मार खाल्ल्यावर इस्राएलाने शिलोहून कराराचा कोश रणांगणात आणला. मोठा जयघोष झाला, जमीन दणाणली. आणि त्या दिवशी ३०,००० पायदळ पडलं, एलीचे दोन्ही मुलगे मेले, कोश शत्रूने नेला. कोश तोच होता. पण त्यांना देवाचं मुख नको होतं, फक्त देवाचा उपयोग हवा होता. दारावर क्रूस लावणं चांगलंच आहे. पण दाराच्या आत खोटं, मारहाण किंवा मोलकरणीचा पगार अडवणं चालू असेल, तर त्या क्रूसाला ताईत समजू नका.

शब्दाने तंबू ठोकला

योहान पहिल्या अध्यायात सांगतो की जो शब्द देव होता तो देहधारी होऊन आपल्यामध्ये राहिला. ‘राहिला’ यासाठी त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदात तंबूचा शब्द दडलेला आहे, म्हणजे त्याने आपल्यामध्ये तंबू ठोकला. निवासमंडप भरून गेला तेव्हा मोशेलाही आत जाता आलं नव्हतं. येशूजवळ मात्र कुष्ठरोगी गेले, जकातदार गेले, लेकरं गेली. आणि तो वधस्तंभावर मेला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. ताठ मानेच्या लोकांमध्ये पवित्र देव राहिला तर लोकांचा नाश होईल, हा जो प्रश्न सीनायपाशी उभा होता, त्याची किंमत येशूने स्वतःवर घेतली. म्हणून आता आपण भीत भीत लांबून पाहत नाही, धैर्याने आत जातो.

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की तुम्ही देवाचं मंदिर आहात (१ करिंथ ३:१६). मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीही असतं, त्यामुळे हे आपल्याला एकट्या व्यक्तीसाठी लिहिल्यासारखं वाटू शकतं. मूळ ग्रीकमध्ये ते स्पष्ट अनेकवचन आहे. तुम्ही सगळे मिळून.

याचं एक सुंदर उदाहरण म्हणजे अक्विला आणि प्रिस्किल्ला. धंदा तंबू बनवण्याचा! क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे रोम सोडावं लागलं, मग करिंथ, मग इफिस, नंतर पुन्हा रोम. इफिसमध्ये त्यांच्या घरात मंडळी जमत होती, रोममध्येही जमत होती (१ करिंथ १६:१९, रोम १६:५). शहर बदललं, घर बदललं, पण त्यांच्या घराच्या मध्यभागी कोण आहे ते बदललं नाही.

आज रात्री घरी काय करता येईल?

पहिलं, प्रश्न दाबू नका. मुलांनी विचारलं की आजी बरी का होत नाही, देव कुठे आहे, तर घाईने गप्प बसवू नका. हा प्रश्न बायबलमध्येच आहे. फक्त एक लक्षात ठेवा. रफीदीमला तो देवाची परीक्षा पाहण्यासाठी विचारला गेला, मोशेने तीच तळमळ देवासमोर प्रार्थना म्हणून नेली.

दुसरं, मुलांबरोबर एका कागदावर छावणी काढा. मध्ये निवासमंडप, चार बाजूंना तीन-तीन वंश. मग टेप घेऊन जमिनीवर कोश मोजा. पावणेचार फूट लांब, सव्वादोन फूट रुंद. अभ्यासाच्या टेबलाएवढासुद्धा नाही! मग विचारा की आपल्या घराचा असा नकाशा काढला तर मध्ये काय येईल? मुलं काय उत्तर देतात ते शांतपणे ऐका. कदाचित ती ‘टीव्ही’ म्हणतील, कदाचित ‘पप्पांचा लॅपटॉप’.

तिसरं, घरात एखादा मोठा निर्णय चालू असेल, म्हणजे नोकरी, लग्न, गाव सोडणं, तर सर्वांनी मिळून मोशेची विनंती स्वतःच्या शब्दांत करा. हे मिळू दे, इतकंच नको. तू नसशील तर हे देऊसुद्धा नकोस, हेही म्हणा. ही प्रार्थना करायला जड जाते. जड जाऊ दे.

आणि जे पीजीमध्ये राहतात, किंवा घरात एकटेच विश्वासणारे आहेत, त्यांनी हे वाचून मन खट्टू करू नका. दोघं-तिघं त्याच्या नावाने जमतात तिथे तो असतो, हे त्याचं अभिवचन आहे. या आठवड्यात एका मित्राला, एका बहिणीला फोन करून अर्धा तास एकत्र प्रार्थना करा. आणि ज्यांचं घर मोठं आहे त्यांनी अशा एकाला रविवारी जेवायला बोलवा. अर्धा शेकेल प्रत्येकाकडे असतोच.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही ताठ मानेचे आहोत, हे आम्हांला ठाऊक आहे आणि तुला आमच्याहून जास्त ठाऊक आहे. तरी तू आमच्यामधून चाल. आमच्या चुका आणि आमची पापं यांची क्षमा कर. ज्या घरात आज आजारपण आहे, अबोला आहे, कर्जाची चिंता आहे, तिथे तुझं मुख प्रकट कर. तुझ्याकडून मिळणाऱ्या गोष्टींपेक्षा तू आम्हांला अधिक प्रिय वाटावास, असं मन आम्हांला दे. आमच्या लेकरांना सकाळी उठल्यावर घराच्या मध्यभागी तूच दिसू दे. आमच्यामध्ये वस्तीला आलेला तुझा पुत्र येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.